प्रयोगशाळेला कुलूप, संशोधक घरात

पुण्याच्या चांदणी चौकातून पौड रस्त्याने निघाले की भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड अशी गावे लागतात आणि पुढे मुळशी धरण येते. वाटेत उजव्या हाताला लवळ्याचा डोंगर दिसतो. त्या भागात सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठे आहेत. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आहे. तिथे संगणकाच्या कंपन्यांबरोबर औषधे आणि लसींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत. मुळशीची हद्द सुरू होण्याआधीच पाषाण लागते. तिथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेचा मोठा परिसर आहे. म्हणजे भाताची खाचरे आणि धरणासाठी ओळखला जाणारा हा तालुका विज्ञानाच्या अगदी उंबरठ्यावर आहे.

मार्च २०२० मध्ये इथे एकाच वेळी दोन चित्रे दिसू लागली. लवळ्याच्या वर्गखोल्या ओस पडल्या, वसतिगृहे रिकामी झाली आणि त्याच परिसरातल्या सिम्बायोसिसच्या रुग्णालयात कोरोनाच्या रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या. पाषाणच्या रस्त्यावर एका फाटकाला कुलूप लागले, तर दुसऱ्या फाटकाआड रात्रभर दिवे जळत राहिले.

महामारीत डॉक्टर, नर्स, पोलीस, मजूर यांचे काय हाल झाले हे आपण सगळ्यांनी पाहिले, वाचले. विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत काम करणाऱ्यांचे काय झाले याची चर्चा फार झाली नाही. पण आपल्या घरातल्या मुली-मुलगे आता मोठ्या संख्येने एम.एस्सी., पीएच.डी. करू लागले आहेत. म्हणून हा विषय आपल्या घराचाही आहे.

समजा, पिरंगुटची एक मुलगी

समजा, पिरंगुटच्या एका घरातली मुलगी पाषाणच्या एखाद्या संस्थेत पीएच.डी. करते आहे. तिसरे वर्ष चालू आहे. अब्बांचे छोटे दुकान आहे, अम्मी घर सांभाळते, धाकटा भाऊ दहावीला आहे. मुलीचा अभ्यास फळमाशीवर आहे. पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी ही बारीक माशी वैज्ञानिकांच्या फार कामाची, कारण दहा-बारा दिवसांत तिची पुढची पिढी तयार होते आणि गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात हे तिच्यावर तपासता येते.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. भावाचा दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि घरात त्याचीच चर्चा झाली. ताईच्या माशांचे काय झाले असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही. या माशा काचेच्या बाटल्यांत खाद्यावर वाढवतात. दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांना नव्या बाटलीत हलवावे लागते, नाहीतर त्या मरतात. संस्थेत एक-दोन माणसांनाच आत जायची परवानगी असेल, तर शेकडो बाटल्यांपैकी कोणत्या वाचवायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या, हे फोनवर ठरवावे लागते. दोन वर्षांच्या मेहनतीने तयार केलेला एखादा वाण अशा वेळी हातचा जातो.

दुकानाचे शटर ओढले तर माल आत तसाच राहतो. प्रयोगशाळेचे तसे नाही. माणसांच्या किंवा प्राण्यांच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. तो उडून जात असतो, म्हणून वरचेवर भरावा लागतो. काही नमुने शून्याखाली ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये असतात. एका रात्री वीज गेली आणि जनरेटर लागला नाही तर वर्षानुवर्षांचा साठा वाया जातो. उंदरांना रोज दाणापाणी हवे. जगभरच्या अनेक प्रयोगशाळांनी त्या वसंतात माणसे कमी म्हणून उंदरांची संख्या घटवली. पुन्हा तेवढे आणि त्याच वाणाचे उंदीर तयार करायला अनेक महिने जातात.

घरी बसून लिहायला वेळ मिळाला असेल?

त्या काळात अनेकांनी संशोधकांना सहज विचारले, ‘आता घरीच आहात, मग लिहून होत असेल ना सगळे?’ काहींचे झालेही. गणिती, संगणकावर काम करणारे, जुनी माहिती हाताशी असलेले, घरात स्वतंत्र खोली असलेले यांना निवांतपणा मिळाला. बाकीच्यांची स्थिती वेगळी होती.

अमेरिका आणि युरोपातल्या सुमारे साडेचार हजार प्राध्यापक-संशोधकांची एप्रिल २०२० मध्ये पाहणी झाली. त्यांचे आठवड्याचे काम सरासरी ६१ तासांवरून ५४ तासांवर आले होते. सर्वांत मोठी घट प्रयोगशाळेत हाताने प्रयोग करणाऱ्यांची होती. रसायन, जीवशास्त्र यांसारख्या शाखांमध्ये संशोधनाचा वेळ ३० ते ४० टक्क्यांनी घटला. स्त्रियांचा वेळ पुरुषांपेक्षा जास्त गेला. पण सगळ्यात जास्त फटका कोणाला बसला? ज्यांच्या घरात पाच वर्षांखालचे मूल होते त्यांना. शाळा, पाळणाघर, आजी-आजोबांचे येणे-जाणे सगळे बंद होते. मूल सांभाळायचे आणि प्रबंधही लिहायचा, हे एका दिवसात बसत नाही. हे ज्याने केले आहे त्याला आकडे सांगावे लागत नाहीत.

हे तिकडचे आकडे. आपल्याकडे त्यात आणखी गोष्टी होत्या. घरे लहान, माणसे जास्त. एकाच मोबाईलवर भावाची ऑनलाइन शिकवणी, अब्बांच्या उधारीचे फोन आणि ताईची गाईडबरोबरची मीटिंग. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला आणि आपण सगळ्यांनी तो घरातच काढला. सगळे घरात असले की स्वयंपाक वाढतो, भांडी वाढतात आणि ती बहुतेक घरांत मुलीच्या वाट्याला येतात. सहेरीसाठी उठलेली, इफ्तारची तयारी करणारी ही मुलगी दुपारी प्रबंधाचे पान उघडून बसली, तर ते पान पुढे किती सरकणार? भावाला मात्र कोणी हाक मारत नाही, कारण तो ‘अभ्यास करतोय’. अभ्यास तीही करत असते. पण प्रयोगशाळेत जायचे थांबले की घराच्या लेखी तिचे कामही थांबलेले असते.

याच अभ्यासकांच्या गटाने पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी केली, तेव्हा कामाचे तास बरेचसे पूर्ववत झाले होते. पण कोरोनावर काम न करणाऱ्या संशोधकांनी २०२० मध्ये हाती घेतलेले नवे प्रकल्प आदल्या वर्षीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होते. नवे प्रश्न बहुधा चहाच्या टेबलावर, एखाद्या परिषदेत, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत डोकावताना सुचतात. तेच बंद झाले होते. पेरणीच कमी झाली की त्याचे परिणाम दोन-चार हंगामांनी कळतात, तसे हे नुकसान आहे.

ज्यांना थांबता आले नाही

आता कुलूप न लागलेल्या फाटकाकडे वळू. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये भारतातला पहिला रुग्ण सापडला. त्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाले. सुरुवातीला देशभरातले नमुने इथेच येत. मार्चपर्यंत संस्थेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या नमुन्यांतून हा विषाणू वेगळा करून वाढवला. पाषाणला त्यांची सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. हवाबंद पोशाख घालून तासन्‌तास काम, मग शॉवर घेऊन बाहेर. त्याच विषाणूपासून पुढे भारत बायोटेकबरोबर कोव्हॅक्सिन लस तयार झाली आणि ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हिशील्डसह तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली.

या लसीच्या वाटेतली एक अडचण महामारीनेच उभी केली होती. माणसांवर चाचणी करण्याआधी माकडांवर करायची होती. त्यासाठी विशिष्ट जातीची माकडे हवी होती. लॉकडाऊनमध्ये माणसे रस्त्यावर नाहीत, खायला टाकणारे कोणी नाही, म्हणून माकडेही वस्त्यांजवळून जंगलात निघून गेली होती. महाराष्ट्राच्या वनखात्याने शोध घेतला आणि अखेर नागपूरजवळ वीस माकडे मिळाली.

डिसेंबर २०२० मध्ये विषाणूचे बदल तपासण्यासाठी देशातल्या दहा प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली. त्यात पुण्याच्या दोन होत्या, विषाणू संस्था आणि विद्यापीठ परिसरातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. हिंजवडीत, म्हणजे मुळशी तालुक्यातच, जेनोव्हा या कंपनीने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने एमआरएनए प्रकारची लस बनवली. परदेशातल्या अशा लसींना अतिथंड साठवण लागे. ही साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत टिकते. जून २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली.

ही कामे अभिमानाची आहेत. पण त्यांचीही किंमत होती. महामारीत पैसा, माणसे, यंत्रे सगळी एका विषाणूकडे वळतात. क्षयरोग तपासणारी यंत्रे कोरोनाच्या तपासणीला लागली. देशात क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मध्ये सुमारे २४ लाख होत्या, त्या २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. रोग कमी झाला नव्हता, फक्त रुग्ण सापडायचे कमी झाले होते. क्षयावर, मलेरियावर काम करणाऱ्या अनेकांना आपला विषय बाजूला ठेवावा लागला.

घाईची किंमत, सव्वाशे वर्षांपूर्वीची

असे पूर्वीही झाले आहे आणि तेही मुंबई-पुण्यातच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ भारतात कॉलऱ्याच्या लसीवर काम करत होते. सरकारने त्यांना मुंबईला बोलावले. कॉलरा मागे पडला. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

लोक लसीला घाबरत होते. अशा वेळी तिसरे आगाखान, सुलतान मुहम्मद शाह, जेमतेम एकोणीस वर्षांचे असताना पुढे आले. पुण्यात नगर रस्त्यावर आजही उभा असलेला आगाखान पॅलेस त्यांचाच. त्यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली, आपल्या जमातीला टोचून घ्यायला सांगितले आणि हाफकिन यांच्या कामासाठी मुंबईतली आपली मोठी वास्तू दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळला गेली. आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणतो.

पण १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. चूक गावात बाटली उघडताना झाली होती, दोष मात्र प्रयोगशाळेला लागला. हाफकिन यांना निलंबित केले गेले. नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण मुंबईची जागा त्यांना परत मिळाली नाही. महामारीत शास्त्रज्ञाकडे सगळे आशेने पाहतात आणि काही बिघडले की संशयानेही पहिल्यांदा त्याच्याकडेच पाहतात.

आपल्या काळातही घाईचे दाखले कमी नव्हते. जुलै २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या एका पत्रात १५ ऑगस्टपर्यंत लस आणण्याचा उल्लेख आला, तेव्हा इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसने ही मुदत अव्यवहार्य असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याआधी मे महिन्यात लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका औषधाविषयी मोठा निबंध छापून आला. त्यातली माहिती तपासून पाहता येईना, म्हणून दोन आठवड्यांत तो मागे घ्यावा लागला. पुरावा पक्का व्हायला वेळ लागतो. महामारीत तो वेळ मागण्याचे धैर्यही शास्त्रज्ञाला लागते.

गुरू गेले

वेळ गेला तर भरून काढता येईल. माणूस गेला तर काय करायचे? १३४८ च्या सुमारास ट्युनिसमध्ये महाप्लेग आला, तेव्हा इब्न खल्दून सतरा वर्षांचे होते. त्या साथीत त्यांचे आई-वडील गेले आणि ज्यांच्याकडे ते शिकत होते त्यांपैकी अनेक गुरूही गेले. पुढे १३७७ मध्ये त्यांनी आपला जगप्रसिद्ध ‘मुकद्दिमा’ लिहिला. राज्ये आणि शहरे कशी वाढतात, कशी ढासळतात, याचा विचार त्यात आहे. त्या महामारीने शहरे उजाड केल्याचा उल्लेखही त्यात येतो.

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने काही आठवड्यांत वीसहून अधिक आजी-माजी प्राध्यापक गमावले. कुलगुरूंनी आयुर्विज्ञान परिषदेला पत्र लिहून परिसरातल्या विषाणूचे नमुने तपासण्याची विनंती केली. प्रत्येक प्राध्यापकामागे चार-पाच विद्यार्थी असतात, कोणाचा प्रबंध अर्धा, कोणाचा निबंध पाठवायचा राहिलेला. ते सगळे एका दिवसात पोरके होतात. दुसरा गाईड मिळतो, पण त्याला विषय नव्याने समजवावा लागतो.

ताम्हिणीचा हुकलेला पावसाळा

सगळे विज्ञान चार भिंतींत होत नाही. मुळशी धरणाच्या पुढे ताम्हिणी घाट आहे. सह्याद्रीतल्या धो धो पावसाच्या जागांपैकी ही एक. बेडूक, खेकडे, ओढ्यांतले मासे, झाडांवरची आमरी, देवराया हे सगळे इथे पाहायला मिळते. पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हापासून सह्याद्रीचा हा पट्टा अभ्यासकांच्या वाटेवर आहे.

अशा कामाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. बेडकांची वीण पहिल्या पावसांत होते. ती हुकली की पुढच्या जूनची वाट पाहायची. २०२० मध्ये गावांनी वेशी बंद केल्या होत्या, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता. ही अट उठली २ सप्टेंबरला, तोवर पावसाळा सरत आला होता. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून पुण्याकडे सरकले. किती झाडे पडली, जंगलात काय बदलले, हे लगेच मोजायचे असते. बाहेरच्या अभ्यासकाला तेव्हा घाटात पोहोचणेच कठीण होते. दहा वर्षांच्या नोंदींत एका वर्षाचा रकाना कोरा राहिला की तो नंतर कोणालाही भरता येत नाही.

उशिराचा हिशेब

आता पुन्हा आपल्या पिरंगुटच्या घरात येऊ. पीएच.डी. करणाऱ्यांची फेलोशिप साधारण पाच वर्षांची असते. २०२० मध्ये ती पहिली दोन वर्षे महिना ३१ हजार आणि पुढे ३५ हजार रुपये होती. प्रयोगशाळा बंद असली तरी दिवस मोजले जात होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करायची मुदत सहा महिन्यांनी वाढवली, पुढे आणखी वाढवली आणि तोंडी परीक्षा व्हिडिओवर घ्यायला मुभा दिली. पण मुदत वाढली म्हणून पैसे वाढतातच असे नाही. शेवटच्या वर्षी अनेकांना पदरचे घालून काम करावे लागते.

अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९ पासून होती. २०२२-२३ पासून ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करण्यात आल्याचे सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितले. आधीच्यांची चालू राहील आणि इतर योजनांचा लाभ सर्वांना घेता येतो, असे कारण दिले गेले. म्हणून ज्यांना आता पीएच.डी. करायची आहे त्यांनी सीएसआयआर आणि यूजीसीच्या नेट परीक्षेकडे, तसेच संस्थांच्या स्वतःच्या फेलोशिपकडे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच लक्ष द्यावे.

पैशाचे एक झाले. दुसरा हिशेब वयाचा. अठ्ठाविसाव्या वर्षी संपायची पीएच.डी. तिसाव्या वर्षी संपते. रिश्ते येतात, फुफी विचारते, शेजारचे विचारतात, ‘अजून शिकतेच आहे का?’ अम्मी काही बोलत नाही, पण तिलाही तेच विचारायचे असते. मुलीकडे याचे सोपे उत्तर नसते. ‘माझ्या माशा मेल्या’ असे सांगितले तर हसू होईल.

उत्तर तिने एकटीने द्यायचेच नाही. ते घराने द्यायचे. ‘दोन वर्षे महामारीने नेली, तिची चूक नाही,’ एवढे वाक्य अब्बांनी पाहुण्यांसमोर म्हटले तर तिचे अर्धे ओझे उतरते. घरी बसून लिहायची वेळ आली तर दिवसातले तीन तास तिचे, त्यात कोणी हाक मारायची नाही, भांडी भावाने घासायची, हे ठरवता येते. लग्न झालेल्या सुनेचे संशोधन चालू असेल आणि मूल लहान असेल, तर दादी-नानीने मुलाला सकाळी दोन तास घेतले तरी प्रबंधाचे एक प्रकरण पुढे सरकते. नोकरीच्या अर्जात, मुलाखतीत त्या दोन वर्षांचे कारण स्पष्ट लिहावे, लपवू नये. मुलाखत घेणारेही त्याच काळातून गेलेले असतात.

समजा, आपल्या या मुलीने वाचलेल्या बाटल्यांपासून पुन्हा सुरुवात केली. ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा प्रबंध दिला. तोंडी परीक्षा व्हिडिओवर झाली. परीक्षक दुसऱ्या शहरात, गाईड संस्थेत आणि लिंक मिळाल्यामुळे अब्बा दुकानात मोबाईल धरून ऐकत बसलेले. त्यांना त्यातले फार काही समजले नाही. गिऱ्हाईक आले तेव्हा त्यांनी हातानेच थांबायची खूण केली आणि हळू आवाजात सांगितले, ‘पाच मिनिटे थांबा, मुलीची परीक्षा चालू आहे.’